धरण पूर्ण झाले, मग कालव्याला पाणी का नाही?

आपण विचारले आहे की, गावाजवळच्या धरणात पाणी अडून कित्येक वर्षे झाली, प्रकल्पाची किंमत पुन:पुन्हा वाढवून झाली, तरी कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला पाण्याचा थेंब मिळत नाही. याला भ्रष्टाचार म्हणावे की अभियंत्यांची अकार्यक्षमता? पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणापासून कालव्याच्या बांधकामापर्यंतची कामे केलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मी उत्तर देतो. भ्रष्टाचार खरा आहे आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी. परंतु पैसा वाया जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्याही आधी होते. ज्या दिवशी अपुऱ्या सर्वेक्षणावर प्रशासकीय मान्यता दिली जाते आणि हाती असलेल्या निधीच्या कितीतरी पट कामांचे भूमिपूजन होते, त्या दिवशीच पुढच्या दोन-तीन दशकांचा अपव्यय ठरून जातो. चोरीला वाव मिळतो तो या ढिसाळ सुरुवातीमुळे.

आपल्या राज्यात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील या धरणाला 1983 मध्ये 372 कोटी रुपयांची मूळ मान्यता मिळाली आणि 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, 33 दरवाजांचा सांडवा, 23 किलोमीटरचा डावा कालवा, 99 किलोमीटरचा उजवा कालवा, त्या उजव्या कालव्याला जोडलेला सावली तालुक्यातील जुना आसोलामेंढा तलाव, शिवाय उपसा सिंचन योजना, असा हा पसारा आहे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. 2009 मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. किंमत मात्र आधी दोन हजार कोटींवर, मग साडेपाच हजारांवर, त्यानंतर पावणेआठ हजारांवर आणि पुढे 18,494 कोटींवर गेली. त्यानंतरही ती थांबलेली नाही.

या वाढीकडे सगळी चोरी किंवा सगळी महागाई अशा दोन टोकांवरून पाहण्यापेक्षा साधा हिशेब करून पाहावा. तीन दशके दरवर्षी आठ टक्क्यांनी भाव वाढले असे धरले, तर 372 कोटींचे पावणेचार हजार कोटी होतात, म्हणजे दहापट. प्रत्यक्षातील वाढ जवळजवळ पन्नासपट आहे. मधल्या अंतराचे स्पष्टीकरण महागाई देऊ शकत नाही. त्यात भूसंपादनाचे वाढलेले दर आहेत, पुनर्वसनाचा आधी न धरलेला खर्च आहे, संकल्पचित्रातले बदल आहेत, नंतर जोडलेली कामे आहेत आणि मुळात धरलेच नव्हते असे बरेच काही आहे. माझ्या मते यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो पहिल्याच दिवशी टाळता आला असता.

प्रशासकीय मान्यतेसाठी जो प्रकल्प अहवाल जातो, त्यात धरणाच्या भिंतीचा अभ्यास बऱ्यापैकी झालेला असतो. पायाच्या ठिकाणी विंधनछिद्रे घेतलेली असतात, पूरविसर्ग काढलेला असतो, भिंतीचा छेद तयार असतो. कालव्याची स्थिती वेगळी असते. मुख्य कालव्याची रेषा नकाशावर समतल रेषांवरून आखलेली असते, वाटेत लागणारे नाले, रस्ते आणि रेल्वेमार्ग मोजून काही जलसेतू व मोऱ्या ठोकळमानाने धरलेल्या असतात. शाखा कालवे, वितरिका आणि शेतचाऱ्या यांचा खर्च तर बऱ्याचदा दर हेक्टरी अमुक रुपये असा एका ओळीत लिहिलेला असतो. ज्या भागातून पाणी प्रत्यक्ष शेतात जायचे त्याच भागाचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. पुढे काम सुरू झाल्यावर खोल खोदाईत मुरुमाऐवजी कठीण खडक लागतो, भरावासाठी योग्य माती जवळ मिळत नाही, एका मोरीऐवजी तीन लागतात. मग अतिरिक्त बाबी निघतात, परिमाणे सव्वापटीच्या पुढे जाऊन निविदेच्या कलम 38 खालील देयके सुरू होतात आणि अखेरीस सुधारित प्रशासकीय मान्यतेचा, म्हणजे सुप्रमाचा, प्रस्ताव तयार होतो. यातली प्रत्येक पायरी नियमात बसते. नियमात बसणारी ही वाढ एकदा सवयीची झाली की न बसणारी वाढ तिच्यात सहज मिसळते.

लाभ-व्यय गुणोत्तराची गतही अशीच होते. प्रकल्प मंजूर होण्यासाठी लाभ खर्चाच्या किमान दीडपट असावा आणि अवर्षणप्रवण भागात तो खर्चाइतका असला तरी चालेल, असा निकष आहे. निकष चांगला आहे. परंतु किंमत तिप्पट झाल्यावर गुणोत्तर खाली आले म्हणून प्रकल्प थांबवला किंवा त्याचा आवाका कमी केला, असे क्वचितच घडते. खर्चाची बाजू वाढली की लाभाच्या बाजूला पीकरचना बदलते, नगदी पिकांचे क्षेत्र वाढते, उत्पादनाचे दर चढे धरले जातात आणि गुणोत्तर पुन्हा जागेवर येते. एका विभागात मी असा सुधारित अहवाल पाहिला आहे की ज्यातील पीकरचनेला लागणारे पाणी त्याच अहवालातील जलसाठ्याच्या हिशेबापेक्षा जास्त होते. दोन तक्ते वेगवेगळ्या हातांनी केलेले होते आणि ते शेजारी ठेवून कोणी वाचले नव्हते.

आता निधीचा विचार करू, कारण सर्वांत मोठा अपव्यय येथे होतो आणि तो कोणत्याही चौकशी अहवालात एखाद्या अधिकाऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही. समजा, प्रत्येकी 100 कोटींचे दहा प्रकल्प आहेत आणि दरवर्षी एकूण 100 कोटी मिळणार आहेत. दहाही एकदम सुरू केले तर प्रत्येकाला वर्षाला 10 कोटी येतात. भाववाढ नसेल तर दहा वर्षांत सगळे पूर्ण होतील. पण भाव दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढत असतील आणि निधी तेवढाच राहिला, तर दरवर्षीच्या दहा कोटींत होणारे काम कमी कमी होत जाते आणि हे प्रकल्प पूर्ण व्हायला सुमारे एकवीस वर्षे लागतात. भाववाढ दहा टक्के असेल तर ते कधीच पूर्ण होत नाहीत. याउलट तेच प्रकल्प एकामागून एक घेतले तर, त्याच निधीत आणि त्याच आठ टक्के भाववाढीत, दहाव्या वर्षाअखेर सहा प्रकल्प पूर्ण होऊन त्यातले पहिले काही सात-आठ वर्षे पाणी देत असतात. पहिल्या पद्धतीत दहाव्या वर्षी एकही एकर भिजलेला नसतो. या हिशेबात कोणी एक रुपयाही खाल्लेला नाही. दहा ठिकाणचा आस्थापना खर्च, यंत्रसामग्री पुन:पुन्हा हलवणे, अर्धवट भरावाची दर पावसाळ्यात होणारी झीज आणि थांबलेल्या कामांवर कंत्राटदारांनी लवादात मिळवलेली भरपाई हे सर्व यात अजून धरलेलेच नाही.

असे असताना सगळी कामे एकदम का सुरू होतात? राजकीय दबाव हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कृष्णा खोऱ्याच्या बाबतीत एक निश्चित कारण होते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिले होते आणि 31 मे 2000 नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोपर्यंत वाट्याचे पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, या भीतीने 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, राज्याच्या हमीवर खुल्या बाजारातून चढ्या व्याजाचे रोखे काढले गेले आणि अनेक कामे एकाच वेळी हाती घेतली गेली. पाणी अडवणे महत्त्वाचे असल्यामुळे साहजिकच भिंती आधी उभ्या राहिल्या आणि कालवे मागे पडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा यांच्यासाठीही महामंडळे झाली. तेथे लवादाची घाई नव्हती, तेथे अनुशेषाचा, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत राहून गेलेल्या सिंचनाचा, प्रश्न होता. अनुशेषाची मागणी पूर्णपणे न्याय्य होती, हे मी ठामपणे सांगतो. विदर्भ आणि मराठवाड्याला सिंचनात मागे ठेवले गेले होते. पण अनुशेष भिजलेल्या हेक्टरमध्ये भरून काढायचा असतो. सुरू केलेल्या प्रकल्पांची संख्या वाढवली म्हणून तो कमी होत नाही, उलट निधी विखुरल्यामुळे अधिक लांबतो.

2009 मध्ये विदर्भातील 38 प्रकल्पांच्या किमती काही महिन्यांच्या अवधीत मिळून सुमारे 20 हजार कोटींनी वाढवल्या गेल्या आणि तेथून या विषयाला जाहीर वाचा फुटली. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने या वाढी तपासल्या. 2011-12 च्या राज्य आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असे दिसले की दहा वर्षांत एकूण पीकक्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्के झाले, म्हणजे वाढ अवघी 0.1 टक्के. 2012 मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी कामांचा दर्जा आणि फुगवलेली अंदाजपत्रके यांबद्दल वरिष्ठांना लिहिलेले पत्र प्रकाशात आले, श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. त्या वेळचा बराचसा वाद 0.1 टक्के खरे की खोटे यावरच अडकला. श्वेतपत्रिकेचा भर निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेवर होता आणि टीकाकार प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राबद्दल बोलत होते. निर्मित क्षमता म्हणजे धरणात पाणी आहे आणि कालवा कागदोपत्री तेथपर्यंत पोहोचला आहे, एवढेच. शेताच्या बांधापर्यंत चारी नसली, किंवा मध्येच दोनशे मीटर जमीन ताब्यात नसल्याने कालवा तुटलेला असला, तर त्या क्षमतेचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही. आर्थिक पाहणीच्या आकड्यात त्रुटी असू शकतात, आणि लाभक्षेत्रातल्या विहिरींना कालव्याच्या पाझराने मिळणारे पाणी त्यात नीट दिसत नाही हेही मान्य आहे. पण हजारो कोटी खर्च केल्यावर सिंचनाचे क्षेत्र कसे मोजायचे यावरच एकमत नसणे, हा नियोजनातला दोष आहे.

कालव्याच्या तुटण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. धरण एका ठिकाणी असते, त्यामुळे त्याचे अडथळेही एका ठिकाणी एकवटलेले असतात. कालवा शंभर किलोमीटर चालतो आणि त्याच्या वाटेवर शेकडो खातेदार, वनजमीन, रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिन्या येतात. विदर्भात त्यात झुडपी जंगलाची भर पडते. महसुली नोंदीत तसे लिहिलेले असल्यामुळे, प्रत्यक्षात तेथे झाड नसले तरी, 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखालील परवानगीचा प्रश्न उभा राहतो. यातल्या एका जागी काम अडले की त्याखालचा सगळा कालवा, कितीही उत्तम बांधलेला असला तरी, कोरडा राहतो. म्हणून कालव्याचे काम मुखापासून शेपटाकडे, सलग, आणि जमीन पूर्ण ताब्यात आल्यावरच घ्यावे असा अलिखित नियम होता. तो मोडला गेला. जेथे जमीन मिळाली तेथे तुकड्यातुकड्याने निविदा निघाल्या, कारण खर्च दाखवायचा होता.

तुकड्यांत केलेल्या कालव्याचे नुकसान तेवढ्यावर संपत नाही. काँक्रीटचे अस्तर जेमतेम तीन-चार इंच जाडीचे असते आणि ते टिकते ते खालच्या भरावाच्या भरवशावर. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आक्रसते. त्यामुळे अशा जमिनीत मोठ्या कालव्याच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरुमाचा, आमच्या भाषेत सीएनएसचा, पाऊण ते एक मीटर जाडीचा थर मातीच्या फुगवटा दाबानुसार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. हा थर महाग असतो, मुरूम लांबून आणावा लागतो, आणि एकदा वर काँक्रीट पडले की तो किती दिला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कमी मुरूम, अपुरी दबाई, आणि त्यावर गुळगुळीत अस्तर, असे काम मोजमाप पुस्तकात पूर्ण दिसते. ते खरोखर तपासले जाते पाणी सोडल्यावरच. परंतु वरचा तुकडा अडलेला असल्यामुळे पाणी आठ-दहा वर्षे येतच नाही, सांध्यांतून झुडपे उगवतात, उन्हापावसाने तडे जातात आणि पहिले पाणी येईपर्यंत कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, केव्हाच संपलेला असतो. दुरुस्तीचा खर्च मग सरकारच्या अंगावर येतो. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा दर्जा निकृष्ट ठरला आणि ते पुन्हा करण्याची वेळ आली. अवघ्या 23 किलोमीटरच्या कालव्याची ही स्थिती होती, याचे मला आजही दुःख होते. या खात्याने यापूर्वी कितीतरी उत्तम कालवे बांधले आहेत.

पुनर्वसनाचा मुद्दा कालव्यापासून वेगळा मानू नये. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी 245.50 मीटर आहे. गावे उठली नाहीत म्हणून ती पातळी गाठणे वर्षानुवर्षे पुढे ढकलावे लागले, आणि 2013 मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज द्यावे लागले. लोकांनी गाव सोडले नाही यात त्यांचा दोष नव्हता. ज्या नव्या गावठाणात पाणी, रस्ता, शाळा धड नाही तेथे कोण राहायला जाईल? हा खर्च सुरुवातीलाच प्रामाणिकपणे धरला असता तर मूळ अंदाजपत्रक मोठे दिसले असते, कदाचित मान्यता लांबली असती, पण भिंत आणि लोक एकमेकांसमोर उभे राहिले नसते. नागपूरच्या सांडपाण्याचा प्रश्नही असाच नंतर पुढे आला. नाग नदीचे पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि तेथून थेट या जलाशयात येते. वाढत्या शहराच्या खाली जलाशय करायचा तर शहराच्या सांडपाण्यावरील प्रक्रिया हा प्रकल्पाचाच भाग मानायला हवा होता.

उशिरा झालेला प्रत्येक प्रकल्प वायाच गेला असे मात्र मी म्हणणार नाही. प्रवरेवरच्या निळवंडे प्रकल्पाला 1970 मध्ये सुमारे 8 कोटींची मान्यता मिळाली, जागा म्हाळादेवीहून बदलली, कालवे रखडले, आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 रोजी झाले; तोवर खर्च पाच हजार कोटींवर गेला होता. ज्या पिढीने त्या पाण्यासाठी आंदोलने केली तिच्यातले अनेक जण ते पाहायला राहिले नाहीत. तरी दुष्काळी गावांना ते पाणी हवेच होते. टेंभूसारख्या, पंपाने पाणी उंचावर चढवणाऱ्या उपसा योजनांवर मी स्वतः सुरुवातीपासून साशंक होतो, कारण इतक्या उंचीवर पाणी चढवण्याचे वीजबिल शेतकरी भरू शकणार नाही हे उघड होते. आता बिलाचा 81 टक्के भार शासन उचलते आणि 19 टक्के शेतकरी. आटपाडी, सांगोल्याच्या माणसाला त्या पाण्याने जे दिले ते मी नाकारत नाही. माझा आग्रह इतकाच आहे की हा कायमचा भार 1996 मध्येच मान्यतेच्या कागदावर लिहिलेला असायला हवा होता, म्हणजे तो स्वीकारायचा की नाही हे जाणतेपणाने ठरवता आले असते.

आपण लाभक्षेत्रात राहता आणि काही करू इच्छिता असे आपल्या प्रश्नावरून दिसते. म्हणून माहितीच्या अधिकारात काय मागावे ते सांगतो. फक्त खर्चाचे आकडे मागितल्यास पानेच्या पाने मिळतील आणि हाती काही लागणार नाही. मूळ मान्यतेचा अहवाल आणि शेवटच्या सुप्रमाचा अहवाल एकत्र मागा, आणि त्यातली किंमतवाढीच्या कारणांची विगतवारी पाहा. भाववाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, अपुरी तरतूद आणि वाढीव व्याप्ती अशी ती दिलेली असते. यात अपुरी तरतूद आणि वाढीव व्याप्ती हे दोन रकाने मोठे असतील तर दोष सर्वेक्षणात आणि नियोजनात आहे. दोन्ही अहवालांतली पीकरचना आणि पाण्याचा हिशेबही समोरासमोर ठेवा. त्यानंतर कालव्याची साखळी क्रमांकानुसार सद्यःस्थिती मागा, म्हणजे कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत जमीन ताब्यात आहे, कोठे वनप्रस्ताव प्रलंबित आहे, कोठे बांधकाम झाले आणि प्रत्येक तुकड्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपला किंवा संपणार आहे. हा तक्ता प्रत्येक उपविभागात असतो. त्यावरून आपल्या गावाच्या वर नेमक्या किती जागी कालवा तुटलेला आहे हे कळेल. बऱ्याचदा त्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात आणि त्यांना लागणारा निधी नव्या कामांच्या तुलनेत फार थोडा असतो. पाणी वापर संस्था, ग्रामपंचायती आणि आमदार यांच्याकडे जाताना त्या जागांची नावे आणि त्यासाठी लागणारी रक्कम घेऊन जा, आणि त्या भरून निघेपर्यंत त्याच उपविभागात नव्या कामाची निविदा काढू नये अशी लेखी मागणी करा. ज्या तुकड्यांचा दोषदायित्व कालावधी अजून शिल्लक आहे तेथे वरून पाणी येण्याची वाट न पाहता टँकरने किंवा जवळच्या नाल्यातून पंपाने पाणी भरून, दोन्ही टोकांना तात्पुरते बांध घालून, गळतीची चाचणी घेण्याची मागणी आताच करा. तशी चाचणी घेता येते, तिचा खर्च अल्प असतो आणि त्यात आढळलेली दुरुस्ती त्या मुदतीत कंत्राटदारालाच स्वखर्चाने करावी लागते.